दलम, सी-६० आणि हुकूम देणारे

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्या संध्याकाळी म्हसवडमध्ये आमच्या पोरांत यावरून वाद झाला. माणदेशातली ही पोरं. पावसापेक्षा त्यांचा भरवसा भरतीवर जास्त. पहाटे पळतात, दिवसा अभ्यासिकेत बसतात. एक म्हणाला, "बरं झालं, संपलं एकदाचं." दुसरा म्हणाला, "गरिबांसाठी लढत होते, थकले." तिसऱ्याने मात्र विचारलं, "सर, शस्त्र ठेवायचं का नाही, हे तिथं ठरवतं कोण?"

उत्तर शोधायचं तर त्या सैन्याची रचना बघावी लागते. सरकारच्या लेखी हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न, माओवाद्यांच्या लेखी लोकयुद्ध. पण एकाच टोल्यावरचे दोन गोंड तरुण, एक दलममध्ये आणि एक पोलिसांच्या सी-६० पथकात, समोरासमोर बंदूक धरतात, तेव्हा त्याला यादवीच म्हणावं लागतं.

२ डिसेंबर २००० रोजी हे छापामार सैन्य उभं राहिलं. २००४ मध्ये दोन मोठ्या नक्षलवादी पक्षांचं विलीनीकरण होऊन भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) झाला आणि सैन्याला पीपल्स लिबरेशन गुरिल्ला आर्मी, म्हणजे पीएलजीए, हे नाव मिळालं. त्याचे तीन थर. तळाला गावातली जनमिलिशिया: दिवसा शेतावर, रात्री निरोप पोचवायला, रस्ता खोदायला. मधल्या थरात आपल्या भागापुरतं फिरणारं दलम. वर प्लाटून, कंपनी आणि दक्षिण बस्तरातली प्रसिद्ध पहिली बटालियन. या सगळ्यांवर केंद्रीय लष्करी आयोग. आणि प्रत्येक पायरीला शेजारी पक्षाची समिती: एरिया कमिटी, डिव्हिजन कमिटी, दंडकारण्य विशेष झोनल कमिटी, शेवटी केंद्रीय समिती आणि पॉलिट ब्युरो. बंदुकीवर पक्षाची हुकमत राहील, बंदुकीची पक्षावर नाही, हे माओचं सूत्र त्यामागे होतं.

कागदावर हे चांगलं दिसतं. पण भूमिगत पक्षात अधिवेशन वर्षानुवर्षं भरत नाही, समितीत कोणाला घ्यायचं हे वरचीच समिती ठरवते. खालच्याने वरच्याला बदलायची सोय उरत नाही. २०१८ मध्ये गणपतीच्या जागी सरचिटणीस झाला तो बसवराजू, म्हणजे लष्करी आयोगाचाच प्रमुख. बंदूक सांभाळणाराच पक्ष सांभाळू लागला. मला तरी वाटतं, ते सूत्र तिथंच उलटं झालं. २१ मे २०२५ रोजी तो नारायणपूरच्या जंगलात मारला गेला.

आता हुकूम देणाऱ्यांची गावं बघा. गणपती करीमनगर भागातला, बसवराजू श्रीकाकुलमचा, वॉरंगलला इंजिनिअरिंग शिकलेला. भूपती आणि त्याचा भाऊ किशनजी पेद्दपल्लीचे. गोळी झेलणारे मात्र एटापल्ली, भामरागड, सुकमा, विजापूरचे गोंड-माडिया. सुकम्याच्या पुवर्ती गावचा हिडमा केंद्रीय समितीपर्यंत गेला, पण किती उशिरा! आणि आपल्यातला मिलिंद तेलतुंबडे. वणीजवळच्या राजूरचा, कोळसा खाणीतल्या कामगारांत वाढलेला. तोही केंद्रीय समितीत पोचला. महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड हा झोन त्याच्याकडे होता. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या जंगलात सी-६० ने त्याच्यासह पंचवीसहून अधिक जणांना मारलं. मिलिंदचं नाव आपल्या पोरांना माहीत असतं. त्याच्याबरोबर पडलेल्यांपैकी एकाचंही नाव मला कुणी सांगू शकलं नाही.

दुसऱ्या बाजूची रचनाही वेगळी नाही. सी-६० हे पथक १९९० मध्ये स्थानिक तरुणांमधून उभं केलं गेलं, कारण जंगल आणि गोंडी भाषा त्यांनाच ठाऊक. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या सुरुंगस्फोटात पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेला. छत्तीसगडमध्ये तर सलवा जुडूमच्या काळात अर्धशिक्षित आदिवासी पोरांच्या हातात बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस अधिकारी केलं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. सारकेगुड्यात २०१२ मध्ये सुरक्षा दलांच्या गोळीबारात सतरा जण मेले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, हे न्यायिक आयोगाचं म्हणणं बाहेर यायला २०१९ उजाडलं. इथे न्याय सात-सात वर्षं रखडतो. तरी जायला एक दार असतं. दलममधल्या पोराला कमांडरविरुद्ध दाद मागायला ते दारही नसतं.

म्हणून २०२५ चे शेवटचे महिने नीट बघायला हवेत. भूपतीने सशस्त्र लढा थांबवावा अशी पत्रं काढली. तेलंगणा समिती म्हणाली, हे त्याचं वैयक्तिक मत. मग त्याला गद्दार ठरवलं गेलं. १७ ऑक्टोबरला जगदलपुरात आणखी दोनशेहून अधिक जण बाहेर आले, हातात संविधानाची प्रत आणि गुलाब. महिन्याभराने, १८ नोव्हेंबरला, हिडमा आंध्रच्या जंगलात मारला गेला. म्हणजे त्या पोराचं पुढे काय होणार, हे त्याने काय विचार केला यापेक्षा तो कोणत्या नेत्याच्या हाताखाली होता यावर ठरलं. एकाच्या तुकडीला गुलाब, दुसऱ्याच्या तुकडीला गोळी.

आपल्या सातारा-सांगलीतही १९४३ ते १९४६ प्रतिसरकार होतं. कुंडलला तुफान सेना होती, तिचे कॅप्टन रामचंद्र लाड होते. मारहाण, पत्री ठोकणं यांत अतिरेकही झाले, ते लपवायचं कारण नाही. पण काळ बदलताच क्रांतिसिंह नाना पाटील उघडपणे लोकांत आले आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून मतं मागून खासदार झाले. ज्यांच्या नावाने लढलो त्यांच्यासमोर उभं राहायची ती तयारी गडचिरोलीत पंचेचाळीस वर्षांत दिसली नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितलं, हे आपण नेहमी ऐकतो. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघातल्या गणपूर्तीची, ठरावाची, शलाकेने मत घेण्याची आठवण करून दिली, तेवढी आपण सांगत नाही. संघात सगळ्यात नवा भिक्खूही शलाका उचलत असे. दलममध्ये नव्या पोराच्या हाती बंदूक येते, शलाका नाही.

या सगळ्याची झळ आपल्यापर्यंत पोचते. भीमा-कोरेगावनंतर आंबेडकरी कार्यकर्त्यांना शहरी नक्षलवादी म्हणायची सवय लागली आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. उद्या वस्तीतल्या पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्यालाही हा शिक्का लागू शकतो. त्याला उत्तर द्यायचं तर जंगलातल्या त्या सैन्याबद्दल आपलं मत आधीच स्पष्ट हवं. मिलिंद आपला होता म्हणून गप्प, आणि सरकार दडपतं म्हणून गप्प, असं चालणार नाही.

त्याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पुढे ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला. एकाचाही विरोध असेल तर तिथे निर्णय होत नाही, चर्चा पुन्हा चालू होते. पुढच्या भरतीत म्हसवडचं एखादं पोरगं राज्य राखीव दलात लागलं, तर बंदोबस्ताला त्याच रस्त्याने जाईल.