टिबुकलीची पिल्लं आणि आपली झूम लेन्स

नांदूर मधमेश्वरला जायचं ते थंडीतच, असं आपल्या नाशिककरांच्या डोक्यात फिट्ट बसलंय. डिसेंबर-जानेवारीत चापडगावला गाड्यांची रांग, टॉवरवर ट्रायपॉडची गर्दी. २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साईट म्हणून नाव झालं, त्यानंतर तर विचारूच नका. पण मला विचाराल तर वीकांत सत्कारणी लावायचा तो पावसाळ्यात. पाहुणे आपापल्या देशी गेलेले असतात आणि घरची मंडळी संसाराला लागलेली असतात.

त्यातली माझी लाडकी म्हणजे टिबुकली. मुठीएवढा पक्षी, बघता बघता बुडी मारून गायब! हिचं घरटं पाणवनस्पतींचं, तरंगतं, आजूबाजूच्या झाडोऱ्याला अडकवलेलं. धोका वाटला की ही बाई अंड्यांवर ओली पानं ओढते आणि मग सटकते. पिल्लं अंड्यातून आली की थोड्याच वेळात आईबापाच्या पाठीवर. डोक्यावर काळे-पांढरे पट्टे, पंखांतून नुसती मुंडकी बाहेर. कुठलाही फोटोग्राफर वेडा होणार हो!

आणि गोची तिथेच आहे. ती पाठ म्हणजे जॉयराईड नाही, हीटर आहे. इवल्या पिल्लांना स्वतःची ऊब नीट टिकवता येत नाही, पाण्यात फार वेळ राहिली तर गारठतात. आपण होडी काढून 'अजून थोडं जवळ' करत गेलो की आई बुडी मारते, पिल्लं पाण्यावर सुटी, आणि वर घार नाहीतर कावळा टपलेला. घरट्यावर अंडी असतील तर ती बिचारी आपण जाईपर्यंत परत बसत नाही. आपल्याला वाटतं, पाचच मिनिटं. पण मागून दुसरी होडी येते, तिचीही पाचच मिनिटं. लोड टेस्टिंग करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं स्पष्ट मत: पिल्लांचा फोटो काठावरूनच काढायचा. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे बघायला लागला की आपण मागे सरकायचं. होडीवाल्याला 'पुढे घे दादा' म्हणायचं नाही, तो बिचारा गिऱ्हाईक म्हणून ऐकतो. आणि मुख्य म्हणजे लोकेशन टाकायचं नाही. फोटोखाली पहिली कमेंट 'मस्त!' आणि दुसरी 'कुठे?' असते. त्या 'कुठे'ला 'नाशिक जिल्हा' एवढं उत्तर पुष्कळ झालं.

कुणी म्हणेल, एवढं काय, फोटोच तर काढतोय, बंदूक थोडीच आहे? तर १९७२ चा वन्यजीव कायदा उघडून 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचा. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हेसुद्धा त्यात येतं. व्याख्येत लेन्सला सूट नाही.

तशीही त्यांना संकटं कमी नाहीत. वर दारणा-गंगापूरमधून पाणी सोडलं की इथली पातळी चढते. तरंगतं घरटं थोडंफार वर सरकतं, पण जोराच्या प्रवाहापुढे त्याचं काही चालत नाही. त्यावर आपला हात नाही. होडीवर आहे.

माझ्याकडे यंदाचा जो फोटो आहे त्यात टिबुकली करंगळीच्या नखाएवढी दिसते, पाठीवर तीन ठिपके, बाकी सगळं पाणी आणि पाऊस. मित्र म्हणाला, सब्जेक्ट फार लहान आहे रे, क्रॉप कर. नाही करणार!