पहाटे चारला वसतिगृहात कोण जागे असते?

रमजानच्या महिन्यात घरातले लहानगे मूलही सहेरीला उठण्याचा हट्ट धरते. पहाटेपूर्वी घेतल्या जाणाऱ्या या जेवणानंतर सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. मोठ्या माणसालाही कठीण वाटावा असा हा रोजा मुले सहज शिकतात, कारण त्यांच्यासोबत सगळे घर उपाशी असते आणि संध्याकाळी खजुराची पहिली बी काढून मुलाच्या हातावर ठेवणारे कोणीतरी शेजारी बसलेले असते. पण ज्या मुलाचे घर समुद्रापलीकडे आहे आणि ज्याच्या पहाटेवर शाळेच्या घंटेची सत्ता आहे, त्याचा रमजान कसा जातो, याचा विचार फारसा होत नाही.

अशी मुले कमी नाहीत. कुवेत, दुबई, कतारमध्ये नोकरी करणारी कोकणी कुटुंबे आपल्या मुलांना पाचगणीसारख्या ठिकाणी निवासी शाळेत ठेवतात. मुलाचा पासपोर्ट भारतीय असतो, पण त्याचे बालपण परदेशात गेलेले असते, म्हणून सह्याद्रीतले गावही त्याला परकेच वाटते. दुसरीकडे मुंबई-पुण्यातील सधन पालक मुलांना इंग्लंडमधील खासगी बोर्डिंग शाळांत पाठवू लागले आहेत. दोन्हीकडे पालक शाळेची इमारत, मैदान, निकाल आणि नाव पाहतात. पहाटे चार वाजता मुलाला भूक लागली, भीती वाटली किंवा घरची आठवण आली, तर त्या वसतिगृहात कोण जागे असेल, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. खरे तर शाळेची निवड याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

शिक्षणासाठी मुलूख सोडण्याची परंपरा इस्लामी जगात जुनी आहे. कैरोमधील अल-अजहरची मशीद दहाव्या शतकात उभी राहिली आणि पुढे तिथे दूरदूरचे विद्यार्थी येऊ लागले. त्यांच्या राहण्यासाठी 'रिवाक' नावाची व्यवस्था होती. मगरिबमधून आलेल्यांचा रिवाक वेगळा, शामच्या म्हणजे सीरियाकडच्या विद्यार्थ्यांचा वेगळा, तुर्कांचा वेगळा. प्रत्येक रिवाकाला एक प्रमुख असे. वक्फच्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांना रोजची भाकरी मिळे. पोरसवदा विद्यार्थी हजार कोसांवरून आला तरी त्याची भाषा समजणारा, त्याच्या जेवणाची वेळ जाणणारा कोणीतरी तिथे असे. ज्ञान देणाऱ्या संस्थेने आधी भाकरीची आणि पांघरुणाची सोय करावी, ही समज त्या काळातही होती.

पवित्र कुरआनात जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत वाटसरू, म्हणजे 'इब्नुस्सबील'ही आहे. तो आपल्या गावी श्रीमंत असेलही, पण वाटेवर तो एकटा आणि गरजू आहे, म्हणून समाजावर त्याचा हक्क आहे. भरमसाट फी भरून आलेले मूल पैशाने गरीब नसते. तरीही रात्री दिवे मालवल्यावर ते वाटसरूच असते. त्याची गरज पैशाची नसते, माणसाची असते.

महाराष्ट्राला अशा वाटसरू मुलांची ओळख फार पूर्वीपासून आहे. 1946 साली झांझिबारमध्ये जन्मलेल्या एका पारशी मुलाला आईवडिलांनी वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवले. आफ्रिकेचा किनारा सोडून तो बोटीने आला. इथेच तो पियानो वाजवू लागला, इथेच मित्रांसोबत त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. फारुख बलसारा हे त्याचे नाव. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. बोर्डिंगची जाहिरात करणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडते. पण तिच्यात एक साधी बाबही दडलेली आहे. त्या मुलाचे जवळचे नातेवाईक मुंबईत होते, सुटीत जायला घर होते. आठ वर्षांच्या मुलाला परमुलखात पाठवताना ज्या आधाराची गरज असते, तो शाळेच्या बाहेरही होता. आज ज्या मुलांना पाठवले जाते, त्या सगळ्यांनाच असा आधार मिळतो असे नाही.

इंग्लंडची व्यवस्था पाहिली तर कागदावर ती चोख आहे. तिथल्या खासगी शाळेत शिकण्यासाठी 4 ते 17 वर्षांच्या परदेशी मुलांना 'चाइल्ड स्टुडंट' व्हिसा मिळतो. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते आणि मूल कोणाच्या देखरेखीखाली राहणार, हेही सांगावे लागते. बहुतेक बोर्डिंग शाळा परदेशी मुलासाठी ब्रिटनमध्ये राहणारा पालक-प्रतिनिधी, म्हणजे 'गार्डियन' नेमायला लावतात. सत्राच्या मधल्या सुट्यांत वसतिगृह बंद होते, तेव्हा मुलाने या गार्डियनकडे जायचे असते. तिथल्या सरकारने बोर्डिंग शाळांसाठी किमान मानकेही ठरवून दिली आहेत. धार्मिक गरज असलेल्या मुलाला पुरेसा आणि योग्य आहार मिळाला पाहिजे, तसेच रात्री वसतिगृहातील जबाबदार मोठ्या माणसापर्यंत मुलाला पोहोचता आले पाहिजे, असे ती मानके सांगतात. खर्चाचे म्हणाल तर वर्षाला 40 हजार पौंडांच्या पुढे फी असणे आता नवलाचे नाही. 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅटही लागू झाला आहे. म्हणजे एका मुलामागे वर्षाला 40 लाख रुपयांहून अधिक रक्कम सहज जाते.

एवढे पैसे मोजल्यावर सगळे आपोआप होईल, असे पालकांना वाटते. ते होत नाही. रमजान सुरू झाला की हे लगेच दिसते.

पहिला प्रश्न वेळेचा. रमजान चांद्र वर्षाप्रमाणे येतो, म्हणून दर वर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्या दिवसांत इंग्लंडमध्ये सूर्य साधारण साडेपाच-सहाला मावळतो आणि बोर्डिंगच्या रात्रीच्या जेवणाची वेळही त्याच सुमाराची असते. रोजा सोडायला मूल इतरांसोबत टेबलावर बसू शकते. जूनमध्ये चित्र अगदी उलटे असते. लंडनला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. स्वयंपाकघराला कुलूप लागलेले असते आणि लहान मुलांना झोपायला पाठवलेले असते. रोजा 18 तासांच्या पुढे जातो. 2015 ते 2018 या काळात रमजान असाच मे-जूनच्या परीक्षांच्या हंगामावर आला होता, तेव्हा ब्रिटनमध्ये मुख्याध्यापकांच्या संघटनेला मुस्लिम विद्वानांशी बोलून शाळांसाठी माहितीपत्रक काढावे लागले होते. सध्या हिवाळा आहे, काम सोपे आहे. 2030 मध्ये तर जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा एकाच वर्षात दोनदा रमजान सुरू होईल. सोप्या वर्षांत जी शाळा पद्धत बसवते, तीच अवघड वर्षांत निभावून नेते.

दुसरा प्रश्न फोनचा. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो, पण मुलाच्या दृष्टीने सर्वांत मोठा तोच. हिवाळ्यात इंग्लंड भारताच्या साडेपाच तास मागे असते. रत्नागिरीत इफ्तार होतो तेव्हा मूल दुपारच्या वर्गात असते. मुलाचा इफ्तार होईपर्यंत रत्नागिरीत रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात, तरावीहची नमाज आटोपून घर झोपलेले असते. मुलाची सहेरी पहाटे साडेचारला, तेव्हा मात्र इथे सकाळचे दहा वाजलेले असतात. आई जागी आहे, मोकळी आहे, पडद्यावर का होईना समोर बसू शकते. पण अनेक वसतिगृहांत लहान मुलांचे फोन रात्री जमा करून घेतात. नियम चांगला आहे, मुलांची झोप त्यामुळे वाचते. फक्त एका महिन्यासाठी, एका मुलाला, पंधरा मिनिटे फोन मिळावा, एवढी सवलत शाळेने दिली तर तिचे काही बिघडत नाही. मुलाचा मात्र अख्खा महिना सावरतो.

तिसरा प्रश्न सक्तीचा. इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. काही शाळा काळजीपोटी सरसकट सांगतात की, वसतिगृहात रोजा ठेवायचा नाही. काही घरी फोनवरून रोज विचारणा होते की, आजचा रोजा झाला ना? मूल दोघांच्या कात्रीत सापडते आणि दोन्हीकडे खोटे बोलायला शिकते. धर्माने मात्र वाट मोकळी ठेवली आहे. वयात न आलेल्या मुलावर रोजा बंधनकारकच नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढण्याची मुभा कुरआनाने दिली आहे. आता बोर्डिंगमधले मूल प्रवासी मानायचे का? हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा इरादा असेल तर माणूस प्रवासी राहत नाही. कोकणी मुसलमान ज्या शाफई मताचे आहेत, त्यात ही मुदत चार दिवसांची आहे. म्हणजे सत्रभर राहणारे मूल तिथलेच रहिवासी ठरते. वयात आलेल्या, निरोगी मुलाला केवळ बोर्डिंगमध्ये आहे म्हणून प्रवाशाची सवलत मिळत नाही. याचा सरळ अर्थ असा की, त्याला रोजा ठेवता यावा अशी सोय करणे ही मेहेरबानी नाही, त्याची ती गरज आहे. त्याचबरोबर तब्येत बिघडली तर रोजा सोडण्याची मोकळीकही त्याला घरून आधीच आणि मनापासून मिळालेली हवी.

यात गार्डियनची भूमिका फार मोठी आहे. अनेकदा हा माणूस संस्थेमार्फत नेमलेला असतो आणि पालकांनी त्याचा चेहराही पाहिलेला नसतो. ईद शाळेच्या दिवशी आली तर मुलाला कोण घेऊन जाईल, नमाज कुठे होईल, नवे कपडे कोण आणेल, हे त्याच्याशी आधी बोललेले नसते. मग ईदच्या दिवशी मूल गणवेश घालून गणिताच्या तासाला बसते. शाळेचा त्यात दोष नसतो, तिला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी पालकांनी काही गोष्टी शाळेकडून लेखी मागाव्यात. सहेरीसाठी आदल्या रात्री डबा किंवा थंड जेवण खोलीत ठेवता येईल का? त्या वेळी वसतिगृहातील कोणाला उठवायचे? स्वयंपाकात हलाल पदार्थ असतात का, नसल्यास मुलाला पोटभर शाकाहारी जेवण मिळेल का? रोजाच्या दिवशी मैदानावरच्या तासाला हलके काम दिले जाईल का? ईदची रजा कशी मिळेल? या प्रश्नांना शाळा कपाळाला आठ्या न घालता उत्तर देत असेल, तर ती शाळा मूल सांभाळू शकेल. आणि मूल आठ-नऊ वर्षांचे असेल, तिथल्या भाषेत 'माझे पोट दुखते आहे' एवढेही त्याला नीट सांगता येत नसेल, तर शाळा कितीही नामांकित असो, दोन-चार वर्षे थांबण्यात काही नुकसान नाही.

हे फक्त मुसलमान पालकांपुरते नाही. इंग्लंडला गेलेल्या जैन मुलाला कांदा-लसणाशिवाय जेवण लागते. पुण्याच्या मुलीला चतुर्थीचा उपवास करायचा असतो. पाचगणीत आलेल्या परदेशी मुलाला नाताळची प्रार्थना हवी असते. एका मुलाच्या सहेरीसाठी ज्या शाळेने रात्रीच्या व्यवस्थेचा विचार केला, तिथे इतरांचीही आबाळ होत नाही. महाराष्ट्रातील निवासी शाळा परदेशातून मुले घेतात, तेव्हा व्हिसा आणि नोंदणीचे कागद त्या काळजीपूर्वक पुरे करतात, कारण तिथे सरकार विचारणारे असते. सहेरीबद्दल विचारणारे कोणी नसते, म्हणून ते काम मागे पडते. सरकारने विचारण्याची वाट न पाहता हे काम शाळांनी स्वतःहून अंगावर घ्यावे.

कुरआनात अमानती ज्यांच्या त्यांना परत करण्याची आज्ञा आहे. सोने ठेवायला दिले तर ते तेवढेच परत करायचे असते. मूल ही वेगळी अमानत आहे. ते वाढून परत यायचे असते, पण परके होऊन नव्हे. आईवडिलांकडेही ते ईश्वराची अमानतच असते, म्हणून फी भरल्याने त्यांची जबाबदारी संपत नाही आणि नियम पाळल्याने शाळेचीही संपत नाही. या महिन्यात इफ्तारच्या वेळी हात दुवेसाठी उठतील, तेव्हा दूर कुठल्या वसतिगृहात एकट्याने रोजा सोडणाऱ्या मुलांची आठवण जरूर व्हावी. दुवेनंतर त्यांच्या वॉर्डनला एक पत्रही जावे.