अर्जातील दोन रकाने



आपल्यापैकी ज्यांचा मुलगा अथवा मुलगी यंदा अकरावीत गेली आहे, त्यांच्याशी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मुलाने आय.आय.टी.त अथवा दिल्लीच्या विद्यापीठात शिकावे, अशी आकांक्षा आपण बाळगता. ती सर्वथा योग्य आहे. परंतु त्या दारात बुद्धीबरोबर कागदांचीही परीक्षा होते, आणि या दुसऱ्या परीक्षेची तयारी मुलाने नव्हे, आपण करावयाची असते.

जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करताना धर्म आणि जात असे दोन रकाने भरावे लागतात. काही घरे भीतीपोटी धर्म 'हिंदू' असा लिहितात. काही घरे स्वाभिमानाने जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' असेच लिहितात. ही दोन्ही घरे चुकतात.

भीतीला आज कारण उरलेले नाही. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेल्या आपल्या माणसांनी धर्म मिळविला आणि केंद्राच्या सवलती गमावल्या. तो अन्याय दूर व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने बौद्धांचा हक्क मान्य झाला, आणि २००६ च्या कायद्याने केंद्रीय शिक्षणसंस्थांत अनुसूचित जातींसाठी शेकडा १५ जागा राखून ठेवल्या. मग आपला धर्म कोणासाठी लपवावयाचा?

स्वाभिमानी वाचक विचारतील, 'जी जात आम्ही टाकली, तिचे नाव पुन्हा का लिहावे?' प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, बौद्ध ही जात नव्हे, म्हणून ती अनुसूचीत नाही. त्या रकान्यात पूर्वाश्रमीच्या जातीचे नाव लिहिणे म्हणजे जात मानणे नव्हे. आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची ती साक्ष होय. साक्ष दिल्याने साक्षीदार गुन्हेगाराचा सोबती ठरत नाही. धर्म 'बौद्ध' लिहावा, जात पूर्वाश्रमीची लिहावी, आणि दोन्ही ताठ मानेने लिहावे.

हा दाखला केंद्राच्या नमुन्यातच हवा. कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी जेथे राहत होते, तेथील अधिकाऱ्याकडून तो घ्यावा लागतो. मुंबईच्या चाळीत जन्मलेल्या मुलासाठी म्हणूनच आजोबांच्या गावी जावे लागते. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवालबुकातील नोंद, जे हाती येईल ते शोधावे लागते. हे काम आठ दिवसांत उरकत नाही. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते, त्याला आणखी वेळ जातो.

मुदतीचे मोल काय असते, ते २०२४ साली दिसले. उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली. ती राखण्यासाठी १७,५०० रुपये वेळेत भरावयाचे होते. घरच्यांनी पैसे गोळा केले, पण ठरलेल्या घटकेपर्यंत ते भरले गेले नाहीत आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर रोजी आपला विशेषाधिकार वापरून त्याला प्रवेश देवविला. पण प्रत्येक मुलासाठी सर्वोच्च न्यायालय कसे धावून येणार? आय.आय.टी.त आपल्या मुलांना शिक्षणशुल्क माफ आहे. तरीही जागा राखण्याची ही रक्कम हाताशी तयार ठेवलीच पाहिजे.

म्हणून विनंती अशी की, निकालाची वाट पाहू नका. बारावीची परीक्षा होण्यापूर्वी दाखला घरात असू द्या. वस्तीतील ज्या तरुणाने ही वाट एकदा चालली आहे, त्याने रविवारी विहारात बसून शेजाऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. जयंतीच्या रोषणाईइतकाच हाही उजेड आपल्याला हवा आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसविले, त्यांच्या नातवाची जागा एका कागदावाचून जाऊ नये, एवढी जबाबदारी तरी आपण घेऊ या.

जयभीम!