हळद, होकायंत्र आणि लोणारची सकाळ

लोणारविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बरेचसे पहिल्याच वाक्यात आकाशातून कोसळते. उल्का, स्फोट, बेसाल्ट खडकातले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्यामागोमाग वर्षांचा भलामोठा आकडा. हे सारे खरे आहे. आमची तक्रार एवढीच, की या भव्यतेपुढे लेखकाचे डोळे दिपतात आणि पायाखाली बघायचे राहून जाते.

शिवाय भव्य आकडे बदलतात. बरीच वर्षे विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे सांगितले जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अरगॉन-कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजारांवर नेले. अकरा पटींचा फरक पडला, तरी ‘अनंत काळापुढे माणूस क्षुद्र’ हे वाक्य निबंधांत जागचे हलले नाही. आकडा बदलूनही ज्याला धक्का लागत नाही, ते वाक्य त्या आकड्यातून आलेलेच नसते.

याउलट सकाळी विवरात उतरणाऱ्या मंडळींचे उद्योग पाहावेत. कुणी घरून हळदीची पुडी आणलेली असते. तळहातावर चिमूटभर हळद, तिच्यावर सरोवराचे चार थेंब, की पिवळ्याचे तांबडे! पाण्याचा सामू दहाच्या आसपास असल्याने हे घडते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो तो याच कारणाने, आणि हळदीला क्षार देऊन कुंकू करण्याची जुनी रीतही याच गुणावर उभी आहे. दुसरा कुणी होकायंत्र दगडावर ठेवून सुई कशी बिचकते ते पाहत बसतो. लोणारच्या आडव्या मारुतीची शिळा चुंबकीय असल्याची ख्याती आहेच. पण बेसाल्टमध्ये मुळातच मॅग्नेटाइट असते, सुई भरकटायला उल्केची गरज नाही. हे ऐकून होकायंत्रवाल्याचे तोंड उतरते, तेही पाहण्यासारखे. आणखी एक वर्ग केका मोजणाऱ्यांचा. ओरडले ते मोर तीन, की एकच मोर आणि दोन प्रतिध्वनी, यावर त्यांचे एकमत होत नाही.

क्षुल्लक विषयांचे वावडे मराठीला नाही. फडके-काणेकरांच्या पिढीने लघुनिबंध लोकप्रिय केला तो अशाच विषयांवर. मात्र पुढच्या अनुकरणात क्षुल्लक गोष्टीची शिडी झाली: चार पायऱ्या चढायच्या, चिंतनाच्या गच्चीवर पोहोचायचे आणि शिडी ढकलून द्यायची. हळद लाल होते न होते तोच कुणीतरी जीवनाच्या बदलत्या रंगांविषयी लिहू लागतो. आम्हांला हळदच हवी आहे.

जून २०२० मध्ये सारे सरोवरच गुलाबी झाले. खारट पाण्यातील हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. बातम्या उदंड आल्या. पण तो गुलाबी बिटाचा, कोकमाचा की धुतल्या कुंकवाचा, हे सांगणारे वाक्य आमच्या वाचनात आले नाही.

लोणारपासून मेहकर फार दूर नाही. तिथल्या ना. घ. देशपांडे यांना कवितासंग्रहाच्या नावासाठी ‘शीळ’ (१९५४) एवढा एक शब्द पुरला. मराठीच्या एखाद्या वर्गाने एक सकाळ या विवरात काढावी आणि उल्का, अनंत व क्षुद्र हे तीन शब्द वर्ज्य करून पानभर लिहावे. हळद घरूनच न्यावी, चिमूटभर पुरते. होकायंत्र आणणाऱ्याला मॅग्नेटाइटची गोष्ट परतताना सांगावी.