बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

माझ्या आजीला नेवासे तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत ‘बायबल बाई’ म्हणत. खांद्याला झोळी, झोळीत नवा करार आणि ‘उपासना संगीत’, असे घेऊन ती पायी हिंडायची. लिहावाचायला ती लग्नानंतर शिकली, मिशनच्या बाईंकडे. मला कळायला लागले तोवर तिचे हिंडणे थांबले होते, पण संध्याकाळचे वाचन थांबले नव्हते. कंदिलाची काच राखेने पुसून झाली की ती पुस्तक मांडीवर घ्यायची. ओळीखाली बोट ठेवून एक उतारा मोठ्याने वाचायची, मग तोच मनात. मग आत बोट तसेच ठेवून पुस्तक मिटायची आणि वाचलेले आपल्या शब्दांत आम्हाला सांगायची. तिच्या सांगण्यात येशू आमच्याच गावच्या विहिरीवर पाणी मागायला यायचा. सांगताना अडली, की पुस्तक पुन्हा उघडायची. “डोळ्यानं वाचलं, पोटात न्हाई उतरलं अजून,” म्हणायची.

मी बत्तीस वर्षे नर्स म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ अजून वळत नाही) ख्रिस्ती घरांत माझे सतत जाणे-येणे असते. प्रत्येक घरात पवित्र शास्त्र असते, बहुतेक घरांत एकाहून जास्त. सकाळी मोबाइलवर वचन येते आणि ते पुढे पाठवलेही जाते. रविवारी उपासना चुकत नाही. तरीही पाच-पन्नास घरांत मिळून आजीसारखे बोट ठेवून पुस्तक वाचणारे माणूस मला क्वचित भेटते. पवित्र शास्त्राच्या जोडीने वाचायची जी पुस्तके आहेत, माणसांनी आपल्या विश्वासाची कहाणी प्रामाणिकपणे सांगितलेली पुस्तके, ती तर घरात नसतातच. माझे म्हणणे असे, की या पुस्तकांवाचून आपला विश्वास वयाबरोबर वाढत नाही. शब्बाथ शाळेत शिकवले तेवढ्यावर तो थांबतो. हे मी स्वतःवरून सांगते.

माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. दृढीकरण झाले, गायनमंडळात उभी राहिले, महिला मंडळाची चिटणीस झाले. नाताळच्या आधी घरोघर कॅरोल गात फिरले. प्रार्थनेला कोणी उभे केले, तर न अडखळता पाच मिनिटे प्रार्थना करू शकत होते. १९९३ च्या पावसाळ्यात मी पुरुषांच्या वॉर्डात नाईट ड्यूटीवर होते. अकरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे बाबा होते. नातेवाईक संध्याकाळच्या एसटीने गावी गेलेले. सलाईन बदलायला गेले तेव्हा ते म्हणाले, “ताई, जरा बसा की.” मी म्हटले, “बाबा, पस्तीस पेशंट आहेत मला. झोपा आता.” तासाभराने त्यांनी पुन्हा हाक मारली. मी टेबलावरून उठले नाही, तिथूनच जोरात रागावले. रिपोर्ट बुक लिहायचे होते. पहाटे साडेचारला राउंड घेतला तेव्हा ते गेलेले होते.

औषधात, नोंदीत कुठेही चूक नव्हती. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही. त्या रविवारी मी गायनमंडळात उभी राहिले आणि नेहमीसारखी गायले. गाताना माझ्या आत काहीच हलत नव्हते, हे मला कळत होते. मी ते दमणुकीवर ढकलले. असे कितीतरी महिने गेले.

पुढच्या वर्षी महिला मंडळाबरोबर केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन पाहायला गेले. तिथून येताना रमाबाईंची साक्ष घेऊन आले. लहानसे पुस्तक आहे, १९०७ साली त्यांनी लिहिलेले. रमाबाई म्हणजे बायकांच्या शिक्षणासाठी झटलेली मोठी विदुषी, एवढे शाळेत शिकलो होतो. त्या पुस्तकात भेटली ती वेगळीच बाई.

सिल्चरला संसार करत असताना रमाबाईंना घरातल्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. तिथून त्यांची वाट सुरू झाली. १८८२ साली पती वारले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिका, मग १८८९ साली मुंबईत शारदा सदन. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, आता या बाईच्या विश्वासात काय उणे राहिले? आणि बाप्तिस्म्याला आठेक वर्षे झाल्यावर हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती येते. हा हॅसलम गावच्या चर्चचा पाळक होता, वर्षानुवर्षे प्रवचने करत होता. एके रविवारी प्रवचन देता देताच त्याचे स्वतःचे मन पालटले. तोवर त्याने जे लोकांना सांगितले, ते त्याच्या स्वतःच्या पोटात उतरलेच नव्हते. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही, असे त्यांना दिसले, आणि त्यांनी ते लिहून ठेवले. जगाने जिला पंडिता म्हटले आणि सरस्वती म्हटले, तिने हे लिहिले.

मी पुस्तकात बोट ठेवले आणि पुस्तक मिटले. आजीची सवय आपल्या हातात कधी आली, कळलेही नव्हते. वाचलेले आपल्या शब्दांत सांगून पाहावे म्हटले, तर तोंडून पहिले वाक्य आले ते अकरा नंबरच्या खाटेचे. वर्षभर जे प्रार्थनेत आले नव्हते, ते त्या पुस्तकामुळे बाहेर आले. मी रडले. ती माझी पहिली खरी प्रार्थना होती, असे आज म्हणते.

पुस्तक हे करू शकते, कारण ते घाई करत नाही आणि चारचौघांत विचारत नाही. प्रवचन अर्ध्या तासात संपते. तेवढ्यात शेजारच्या बाकावरचे मूल रडते, मनात डाळ भिजत घातली की नाही ते येते. चांगल्या पाळकांची प्रवचने मी आदराने ऐकत आले आहे आणि त्यांचे ऋण मानते. पण जे वाक्य माझ्यासाठीच आहे, त्यापाशी थांबायची सोय प्रवचनात नसते. पुस्तकात असते. तीन रात्री एकाच पानावर थांबले तरी ते काही म्हणत नाही.

त्यानंतर मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली. कॉलेजात वाचली होती तेव्हा गमतीजमतीच लक्षात राहिल्या होत्या. या खेपेला विश्वासाचे पुस्तक म्हणून वाचली. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते तिथेच गुंतले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक मूल ऐकते. लक्ष्मीबाईंची गोष्ट मात्र एका डब्यात आणि एका प्रवासात घडली नाही. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या आकांताने कोसळल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या राहिल्या. त्याच्याजवळ आल्यावरही किती दिवस त्यांनी आपले सोवळे सांभाळले. प्रत्येक गाठ त्यांनी स्वतः सोडवली, आणि पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला उभ्या राहिल्या. पुढे टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्यायांवर राहिलेले ‘ख्रिस्तायन’ याच लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय लिहून तडीला नेले. शाळेचे तोंडही धड न पाहिलेली बाई. विश्वास वाढतो म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी ‘स्मृतिचित्रे’ हातात देईन. त्यात नवरा-बायकोची भांडणे आहेत, पैशाची ओढाताण आहे, त्या टिळकांच्या रागाबद्दलही लिहितात आणि स्वतःच्या हट्टाबद्दलही. देव त्या सगळ्यातूनच वाट काढतो, घर आवरून होण्याची वाट पाहत नाही.

ख्रिस्ती पुस्तक म्हणून जे जे विकले जाते, ते सगळे चांगले असे मी म्हणणार नाही. गुळगुळीत कव्हरांची बरीच पुस्तके अशी आहेत, की विश्वास ठेवला की पैसा येतो, आजार पळतो, एवढेच ती पानोपान सांगतात. असेच एक वाचून साखरेच्या गोळ्या बंद केलेली बाई आमच्या वॉर्डात आली होती. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तिच्या उशाशी ते पुस्तक होते, आणि गोळी घेणे म्हणजे अविश्वास, असे तिला मनापासून वाटत होते. जे पुस्तक मला काहीही विचारत नाही, फक्त मिळेल-मिळेल म्हणते, ते मी दूर ठेवते. आणखी एक पारख सांगते. पुस्तकाची मराठी माझ्या आजीला कळली असती का, हे मी पाहते. रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले ते याच कळकळीने, खेड्यातल्या साध्या बाईला कळावे म्हणून. त्याचे खिळे जुळवायचे आणि छपाईचे काम मुक्तीतल्याच बायकांनी केले. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ केले, तेही अशाच ओढीने.

आपल्या भाषेत वाचायची ही भूक आजची नव्हे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांत लिहिले, कारण नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे गेली होती आणि कानांना ओवीची सवय होती. १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले, त्याच शतकात आणखी दोनदा. त्या छापील प्रतींतली एकही आज मिळत नाही. पुराण मात्र राहिले, कारण लोकांनी हाताने उतरवून घेतले, गाव सोडताना बरोबर नेले. दहा हजारांहून अधिक ओव्या कोणीतरी दिव्याच्या उजेडात बसून लिहून काढल्या, तेही एकदा नव्हे. त्या लोकांना आज कोणी सांगितले, की तुमच्या लेकरांना पुस्तक दोन दिवसांत घरपोच मिळते आणि ती ते उघडत नाहीत, तर त्यांना काय वाटेल?

माझे मागणे लहान आहे. प्रत्येक मंडळीने पुस्तकांचे एक उघडे कपाट ठेवावे. एका चर्चमधले कपाट मला माहीत आहे, त्याची किल्ली सहा वर्षे सापडलेली नाही आणि काचेतून पुस्तकांचे कणे दिसतात. कुलूप तोडावे. हरवली दहा पुस्तके तर हरवू द्यावीत, कोणाच्या तरी घरातच असतील. उपवासकाळात चाळीस दिवस घरात एक पुस्तक मोठ्याने वाचावे. आमचे शेजारी श्रावणात पारायणाला बसतात. त्यांच्या ओसरीवरून येणारा तो एकसुरी आवाज ऐकत मी वाढले. त्यांच्याकडून एवढे तरी शिकावे. तुकोबांचा हात धरून ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक मोकळेपणाने सांगत. आपल्याला शेजारच्या ओसरीकडून शिकायला संकोच कशाला?

दर गुरुवारी दुपारी आम्ही सात-आठ बायका माझ्या व्हरांड्यात बसतो. ‘स्मृतिचित्रे’ चालू आहे. एक जण धुण्याभांड्याची कामे आटोपून येते, तिची शाळा चौथीत सुटली. पहिले दोन महिने ती नुसती ऐकायची. गेल्या गुरुवारी पुस्तक तिच्याकडे गेले तेव्हा तिने ते पुढे दिले नाही. साबणाने भेगाळलेले बोट ओळीखाली ठेवले आणि एकेक अक्षर जोडत अर्धे पान वाचले. मग मान वर करून म्हणाली, “सिस्टर, हे परत वाचू का? आत्ता नुसतं वाचलं, कळलं नाही.” चहा निवत होता. आम्ही सगळ्या थांबलो, आणि तिने पहिल्या ओळीवर पुन्हा बोट ठेवले.