गौर माहेरपणाला, सून चुलीपाशी

श्रावण सरत आला की साकीनाक्याच्या वस्त्यांमध्ये एकच विषय निघतो : गावी कधी निघायचं? खैरानी रोड, मोहिली, जरीमरी, काजूपाडा या भागांत कोकणातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. महाड, पोलादपूर, खेड, संगमेश्वर, लांजा, राजापूर अशी त्यांची गावं. वर्षभर दहा बाय बाराच्या खोलीत राहणारं हे कुटुंब गणपतीसाठी आठ-दहा दिवस गावच्या घरी जातं. त्यातल्या पुरुषाला सगळे विचारतात, "यंदा सुट्टी किती दिवसांची?" बाईला विचारतात, "काय काय करून नेणार?" या दोन प्रश्नांमध्येच सगळी श्रमविभागणी सामावलेली आहे. एकाला सुट्टी मिळते. दुसरीची एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर बदली होते.

तरीही या प्रवासाला आपण सगळे 'कुटुंबाची सुट्टी' म्हणतो. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या सुट्टीत घरातल्या निम्म्या माणसांचं काम दुप्पट होतं, तिला कुटुंबाची सुट्टी म्हणणं हा खोटेपणा आहे, आणि स्त्री-चळवळीने तो यापुढे चालवून घेता कामा नये.

आधी मजुरीचा हिशेब करू. साकीनाक्यातली बाई धुणीभांडी करते, स्वयंपाकाला जाते, नाहीतर घरी बसून नगावर काम करते : शिलाई, पॅकिंग, खोट्या दागिन्यांचे मणी ओवणं. कारखान्यात कायम असलेल्या कामगाराला निदान रजा मागता येते. हिला रजा म्हणजे खाडा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण त्यातून सणाच्या पगारी रजेचा हक्क काही हाती आला नाही. दहा दिवस गावी गेलं की दहा दिवसांचे पैसे कापले जातात, आणि काही घरांत परत आल्यावर दुसरीच बाई कामाला लागलेली दिसते. म्हणजे या 'सुट्टी'ची किंमत ती निघण्याआधीच मोजते. त्यात गावच्या माणसांसाठी साड्या, टॉवेल, खाऊ आणि मंडळाची वर्गणी धरा. बचतगटाच्या कर्जवहीत भाद्रपदाआधीच्या नोंदी पाहिल्या की ही किंमत आकड्यांत दिसते.

मग प्रवास. लांजा-राजापूरपर्यंत साडेतीनशे-चारशे किलोमीटरचं अंतर. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि २०२५ सालापर्यंतही ते पूर्ण झालेलं नव्हतं. इंदापूर, माणगाव इथल्या कोंडीत गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात, आणि एका रात्रीचा प्रवास दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत लांबतो. याबद्दल वर्तमानपत्रांत दरवर्षी लिहून येतं : खड्डे, अपघात, चाकरमान्यांचे हाल. पण 'चाकरमानी' हा शब्दच पुल्लिंगी आहे, आणि त्याच्या हालांमध्ये तिचे हाल धरलेले नसतात.

तिचे हाल कोणते? निघायच्या दिवशी दुपारपासून ती पाणी पीत नाही. वस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारा, कारण एकच सांगेल. पुरुष गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहतात. तिने कुठे जायचं? धाब्याच्या मागचं एक दार, आत पाणी नाही, कडी नाही, दिवा नाही, आणि बाहेर पन्नास जणींची रांग. कोंडीत अडकलेल्या गाडीजवळ तर तेही नाही. यात गरोदर बाई असते, मधुमेहाची सासू असते, पाळी आलेली मुलगी असते. गावी पोचल्यावर लघवीची जळजळ सुरू होते, आणि तशीच ती मोदकांच्या उकडीला बसते.

मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. नंतर 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची योजना करण्याचा आदेश दिला. ही आपल्याच चळवळीची कमाई आहे. पण तो आदेश शहरांपुरता. पनवेल ओलांडलं की महामार्गावरच्या बाईला कोण विचारतो? १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट झालं, त्याचं आपण स्वागतच केलं. गणपतीत एसटी हजारो जादा गाड्या सोडते. निवडणुका जवळ आल्या की पक्षही आपापले फलक लावून फुकट गाड्या सोडतात. या सगळ्यांना बाई प्रवासी म्हणून दिसते, मतदार म्हणून दिसते. तिला मूत्राशय आहे, हे मात्र कुणाच्या नियोजनात येत नाही.

ही गाडी महाडवरून जाते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि त्यांनी तिथलं पाणी प्यायलं. तो लढा जातीच्या अपमानाविरुद्धचा होता, त्याची बरोबरी मी इथे करत नाही. पण पाणी पिण्याचा हक्क ज्या गावाने देशाला शिकवला, त्या गावावरून आपण घोटभर पाणीही न पिता जातो, याची लाज सरकारला आणि आपल्या घरच्या माणसांना वाटायला हवी.

आता त्या गोळीबद्दल बोलू, कारण याबद्दल उघडपणे फार कमी बोललं जातं. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात वस्तीतल्या बायका हळूच जवळ येतात. "ताई, तारीख नेमकी गौरीलाच येतेय. गोळी सांगा ना." बऱ्याच जणी विचारतसुद्धा नाहीत, थेट औषधाच्या दुकानातून घेऊन येतात. पाळी पुढे ढकलण्याची ही गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरोन नावाचं संप्रेरक. ती डॉक्टरने तपासून, चिठ्ठी लिहून द्यायची असते. तिने मळमळ, डोकेदुखी होते, आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी जोराने येते. काही बायकांमध्ये तिच्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, विशेषतः आधी तसा त्रास झालेला असेल, घराण्यात असेल किंवा वजन जास्त असेल तर. आणि तासन्‌तास पाय खाली सोडून एका जागी बसणं हाही त्याच दिशेने नेणारा धोका आहे. म्हणजे गोळी घेऊन, पाणी न पिता, रात्रभर गाडीत बसलेली बाई आपल्या शरीराशी किती बाजूंनी खेळते आहे, ते पाहा. आणि कशासाठी? घरातलं सोवळं मोडू नये म्हणून.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते. त्या व्रताची कथाच मुळी विटाळ न पाळल्याच्या 'पापा'ची आहे. जिच्या मासिक धर्मामुळे हे घराणं पुढे चाललं, तिनेच त्याबद्दल प्रायश्चित्त घ्यायचं! शाळेत शिकलेली, मोबाईल चालवणारी, मुंबईत स्वतःच्या कमाईवर घर चालवणारी बाई गावच्या उंबऱ्यात पाऊल टाकताच या कथेच्या ताब्यात जाते. तिला दोष देऊन उपयोग नाही. तिथे ती एकटी असते, आणि सगळं गाव, सगळी भावकी एका बाजूला असते.

गावचं घर वर्षभर बंद असलेलं. जाळ्या काढायच्या, सारवायचं, भांडी घासायची, पाणी भरायचं. मग पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक, दिवसातून चार वेळा चहा, आरतीला येणाऱ्यांसाठी काहीतरी तोंडात टाकायला. गौरीला बऱ्याच घरांत तिखटाचा नैवेद्य, म्हणजे मटण, वडे. पुरुष काहीच करत नाहीत असं मी म्हणणार नाही. ते मूर्ती आणतात, मखर करतात, भजनाला बसतात, जाखडी नाचतात. पण त्यांचं काम दिसतं, एकदा केलं की संपतं, आणि त्याचे फोटो निघतात. चुलीपाशी केलेलं काम पंगत उठली की नाहीसं होतं, आणि दुसऱ्या पंगतीसाठी पुन्हा सुरू होतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते. घरकामात हात घालणारे पुरुष ८८ मिनिटं. ही वर्षभराची सरासरी झाली. गणपतीतल्या दिवसांचा हिशेब आपल्याला घरोघरी बसून मांडावा लागेल.

आणि यातला सर्वांत मोठा विरोधाभास गौरीचा. गौर ही माहेरवाशीण. ती येते, जेवते, तिचं कोडकौतुक होतं, आणि तिसऱ्या दिवशी ती निघाली की बायकांचे डोळे भरून येतात. तिला कुणी "पीठ मळायला घे" म्हणत नाही. पण तिचं हे माहेरपण जी करते, त्या सुनेला स्वतःच्या माहेरी जायची मुभा नसते, कारण ओवसा सासरीच करायचा, सुपं सासरच्या गौरीपुढेच ठेवायची. मातीच्या, तेरड्याच्या देवीला तीन दिवस विश्रांती मिळते आणि हाडामांसाच्या बाईला नाही. घरात विधवा जाऊ असेल तर ती राबायला पुढे आणि हळदीकुंकवाला मागे. देवीची पूजा आणि बाईची ही गत एकाच माजघरात सुखाने नांदतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "बायकांनाच हौस असते." हौस असतेच, ती मी नाकारत नाही. रात्री सगळी झाकपाक झाल्यावर फुगड्या-झिम्म्याला उभी राहिलेली बाई मी पाहिली आहे. ती वस्तीतली वाटत नाही, दहा वर्षांनी लहान दिसते. पण तिची हौस फुगडीची आहे, मैत्रिणींची आहे, पावसाने हिरव्या झालेल्या गावाची आहे. तीस माणसांच्या ताटांची हौस तिच्या नावावर इतरांनी चढवली. म्हणूनच आपल्यातल्या काही जणी "सणच सोडा" म्हणतात, ते मला पटत नाही. ज्या चार रात्री ती मोकळेपणी हसते, त्याही आपण काढून घ्यायच्या? सण तिच्याकडे राहू दे. कष्टांची वाटणी होऊ दे.

हे जगात कुठे होत नाही असं नाही. दक्षिण कोरियात चुसोक नावाचा सुगीचा सण असतो. तिथेही शहरातली कुटुंबं गाड्या काढून गावी जातात, महामार्ग तुंबतात, आणि सुना सासरी पूर्वजांच्या पूजेचा स्वयंपाक करतात. या दिवसांत बायकांना होणाऱ्या त्रासाला तिथे 'सणाचा आजार' अशा अर्थाचं नावच पडलेलं आहे. बायका नाव ठेवून बोलत राहिल्या, लिहीत राहिल्या. अखेर २०२२ साली तिथल्या कन्फ्यूशियन परंपरेच्या प्रमुख संस्थेनेच जाहीर केलं की पूजेला तळलेले पदार्थ मांडायलाच हवेत असं नाही, ताट साधं ठेवा. परंपरेचे राखणदार स्वतः ताट लहान करू शकतात, तर आपली भावकी का नाही?

आणि कोरियापर्यंत जायचीही गरज नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठराव झाला म्हणजे मनं बदलली असं नव्हे. पण ठराव झाला की एकटी पडलेल्या बाईच्या हातात बोट ठेवून दाखवायला एक कागद येतो.

आपल्याकडे असा कागद कुठे होऊ शकतो? कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गावाचं, वाडीचं मुंबईत मंडळ असतं. गणपतीच्या आधी त्याची सभा भरते, वर्गणी ठरते, गाड्या ठरतात, भजनाची बारी ठरते. सभेला पुरुष बसतात. बायकांना महिला मंडळ काढून देतात आणि हळदीकुंकवाची जबाबदारी सोपवतात. मैत्रिणींनो, या मोठ्या सभेतच आपण घुसलं पाहिजे. एकटीदुकटीने घरी भांडून सून वाईट ठरते. वाडीतल्या वीस जणी सभेत एकत्र उभ्या राहिल्या की तो गावाचा प्रश्न होतो.

तिथे मागायचं ते असं. पंगतीचा स्वयंपाक, वाढप आणि भांडी यांत पुरुषांची पाळी लावा, आणि ती नावं घालून कागदावर लिहा. पदार्थ कमी करा. ज्या सुनेला गौरीला माहेरी जायचं असेल, तिला एक वर्षाआड जाता यावं. पाळी आली म्हणून कुणाला बाजूला बसवणार नाही आणि विधवेला हळदीकुंकवातून वगळणार नाही, असा ठराव करा. मंडळाची गाडी ठरवताना स्वच्छतागृह असलेले थांबे आधी ठरवा, आणि बाईने "थांबवा" म्हटलं की गाडी थांबली पाहिजे.

सरकारकडे मागायचं ते वेगळं. मुंबईतल्या आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या संघटनांनी मिळून, आषाढातच, एसटी महामंडळाला, महामार्ग खात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदनं द्यावीत : प्रत्येक थांब्यावर पाणी, दिवा आणि कडी असलेलं स्त्रियांचं स्वच्छतागृह, आणि कोंडीच्या ठिकाणी त्या आठवड्यापुरती फिरती स्वच्छतागृहं. घरेलू कामगारांच्या संघटनांनी सणाच्या पगारी रजेची मागणी पुन्हा लावून धरावी. आणि आपल्या आरोग्यगटांनी गोळीबद्दल श्रावणातच बैठका घ्याव्यात. भाद्रपदात उशीर झालेला असतो.

घरातली माणसं म्हणतील, सणात राजकारण आणू नका. त्यांना विचारा : ताट कुणी वाढायचं, कुणी शेवटी जेवायचं, कुणाच्या माहेरचा रस्ता बंद ठेवायचा, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी काय आणलं होतं? तुमच्या मंडळाची सभा कधी आहे, ते आजच विचारून ठेवा. आणि तारीख कळली की शेजारच्या चौघींना सांगा.