वय झालं, एवढंच निदान?

18 ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन. शहरांत त्यानिमित्त व्याख्याने झडतील. रायगड जिल्ह्यातील थळ, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर मात्र मासळीचा हंगाम ऐन भरात असेल. होड्या लागल्या की बर्फाच्या भुग्यात हात घालून कोळंबी-मांदेली निवडायची आणि पाटी घेऊन बाजार गाठायचा, हे काम बायकांचे. त्यांतली पंचेचाळिशी ओलांडलेली एखादी दवाखान्यात सांगते : सांधे ठणकतात, बोटांना मुंग्या येतात, कालवणातले तिखट पूर्वीसारखे सोसत नाही. तिच्या हाती गोळ्यांची पुडी पडते आणि वर ऐकायला मिळते, "वय झालं आता, चालायचंच."

या 'चालायचंच'ला विज्ञानाने कधीच हरकत घेतली आहे. बर्फाचा गारठा बोटात टिपणाऱ्या चेतापेशीचे मूळ बोटात नसते. ते मानेच्या मणक्यांलगतच्या पेशीगुच्छात असते. तिचा एक धागा बोटापर्यंत जातो, दुसरा मज्जारज्जूत शिरतो. 1994 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या अशाच पेशींत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे ते संप्रेरक ओळखून त्याला प्रतिसाद देणारे रेणू, असल्याचे दाखवले. गर्भाशय आणि स्तनांपुरते मानले गेलेले इस्ट्रोजेन थेट वेदनेच्या वाटेवर काम करते, असा याचा अर्थ. 1996 मध्ये स्वीडनमध्ये या रिसेप्टरचा दुसरा प्रकार, बीटा, सापडला. तोही या पेशींत आढळतो. मिरचीचा दाह टिपणाऱ्या ज्या रेणूच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल मिळाले, तोही याच जातीच्या पेशींत असतो आणि त्याची तिखटाई इस्ट्रोजेनमुळे बदलू शकते. पाळी गेलेल्या काही स्त्रियांच्या तोंडाची विनाकारण आग होते, या तक्रारीकडे म्हणूनच नखरा म्हणून पाहता येत नाही.

पण इस्ट्रोजेन घटले म्हणून दुखणे वाढले, इतके हे गणित सरळ नाही. हेच संप्रेरक कुठे वेदना शमवते, कुठे भडकवते. रिसेप्टर कोणता, पेशी कोणती, पातळी स्थिर आहे की कोसळते आहे, यावर ते ठरते. अर्धशिशी पुष्कळजणींना पाळीच्या तोंडावर, पातळी उतरताना गाठते. शिवाय मुंग्यांमागे मधुमेह, बी-12 ची कमतरता किंवा मनगटात दबलेली नसही असू शकते. त्यामुळे सरसकट हार्मोनच्या गोळ्या देणे हाही उपाय नव्हे. आधी नीट विचारपूस हवी.

ती होत नाही, हे खरे दुखणे आहे. वेदनेवरचे प्रयोग वर्षानुवर्षे प्रामुख्याने नर उंदरांवर झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधनात दोन्ही लिंगांचा विचार करण्याचा आग्रह 2016 पासून धरला. प्रयोगशाळेत जे झाले तेच आपल्या केसपेपरवर होते : पाळीविषयी विचारलेच जात नाही. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. गर्भपिशवीबरोबर बीजकोषही काढले असतील, तर इस्ट्रोजेनची पातळी एकाएकी कोसळते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण 2019 मध्ये गाजले. त्यांच्या पुढच्या दुखण्यांची चर्चा मात्र तेवढी झाली नाही.

रायगडच्या आरोग्य यंत्रणेकडे यासाठी मोठा निधी मागण्याची गरज नाही. चाळिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीच्या केसपेपरवर तीन प्रश्न यावेत : पाळी कधी गेली, शस्त्रक्रिया झाली का, दुखणे कधीपासून आहे? आशाताईंनी घरभेटीतही तेच विचारावेत. आणि किनाऱ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी आठवड्यातून एक दुपार या स्त्रियांसाठी राखून ठेवावी. सकाळची ओपीडी आणि मासळीबाजार एकाच वेळी असतात. पाटी विकल्याशिवाय तिला येता येत नाही, हे ओळखूनच वेळ ठरवायला हवी.